निळ्या टबाचा नंबर

गहिनीनाथ सरांच्या गाडीतलं इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलल्याला शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सहा महिने पुरे झाले, आणि रविवारी सकाळी आठ वाजता सर गाडीखाली शिरले. मधल्या चौदा तासांची हयगय त्यांना टोचत होती. गाडीच्या पुस्तिकेत 'पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते' असं स्वच्छ छापलेलं होतं. गाडी सहा महिन्यांत नऊशे बारा किलोमीटर पळाली होती. म्हणजे सहा महिने आधी झाले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून वडवणीच्या पोरांना ज्युनियर कॉलेजात मोजमापातल्या चुका शिकवणाऱ्या माणसाला 'जे आधी होईल ते' या शब्दांकडं काणाडोळा करता येत नाही.

एरवी हे काम पाशाभाई करायचे. पण ते साल दोन हजार सोळाचं होतं, एप्रिल निम्मा सरला होता, आणि पाशाभाईंचं गॅरेज महिनाभर बंद होतं. शटरवर खडूनं लिहिलं होतं, 'पाणी आल्यावर उघडेल.' सरांनी ते वाचलं, जूनपर्यंतचे आठवडे मोजले आणि ठरवलं की हे आपणच करायचं. अखेर फिल्टर म्हणजे काय? एक डबा. त्यातून तेल जातं, कचरा अडतो. तत्त्व कळलं की जागा सापडायला कितीसा वेळ लागतो!

त्यांनी वहीत एक पान आखलं. वर तारीख, खाली साहित्य, त्याखाली कृती. एका ओळीत लिहिलं, 'फिल्टरचे स्थान :' आणि पुढं मोकळी जागा सोडली. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

साहित्य जमवण्यात शनिवार गेला होता. फिल्टर फक्त सहकारी भांडारात मिळाला, आणि भांडारातला कारकून सभासदाशिवाय कुणाला खिळाही देत नव्हता.

"सभासद हायेत का?"

"वडील होते."

"मग वडिलांला घेऊन या."

"वडील वारले."

"मग वारसनोंद घेऊन या. संचालक मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात हाय."

शेवटी सर राहत होते त्या सुखसागर सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी बबनराव मदतीला धावले. ते भांडाराचेही सभासद होते. फिल्टर त्यांच्या नावावर निघाला. पावती बबनरावांची, त्यामुळं फिल्टरबद्दल बोलायचा पहिला अधिकारही बबनरावांचा, असं त्यांनी वाटेतच सरांच्या लक्षात आणून दिलं. शिवाय कॉलनीच्या रस्त्यावर वाहनदुरुस्ती करायला संस्थेची लेखी परवानगी लागते, हेही लक्षात आणून दिलं. सरांनी अर्ज केला. बबनरावांनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून मंजूर केला : रविवार, सकाळी आठ ते अकरा, टँकरला अडथळा न होता. टँकर सोमवारी होता. संस्थेच्या फळ्यावर तसं लिहिलेलंच होतं.

सुखसागरात सुख जेमतेम आणि सागर मुळीच नव्हता. बावीस घरं, मध्ये एकच बोळ, बोळाच्या बंद टोकाला एक कोरडा हातपंप. पाचव्या दिवशी टँकर यायचा, हातपंपापाशी उभा राहायचा, आणि घरटी एक टिपाड आणि दोन घागरी भरून निघून जायचा. पुढच्या पाच दिवसांत कोण किती वेळा हात धुणार, हे तिथंच ठरायचं.

सर गाडीखाली शिरले खरे, पण तीन मिनिटांत बाहेर आले. तेल काढायचा बोल्ट लगेच सापडला होता. तेल धरायचं कशात, हे वहीत राहून गेलं होतं.

घरात आई, केशरबाई, वाट अडवून उभ्या राहिल्या. "भांड्याला हात लावू नको."

"आई, एखादं रिकामं दे ना."

"रिकामं कोणतं हाय? हे प्यायचं. हे सैपाकाचं. हे तांदळाचं धुवन, ते तुळशीला. ह्यात काल तू आंघूळ केलेली, ते फरशीला. फरशीचं हिकडं, ते संडासला."

सरांना प्रथमच कळलं की आपण घराच्या पाण्याच्या उतरंडीत नेमके मधल्या पायरीवर आहोत. त्यांनी माघार घेतली आणि बोळात नजर टाकली. हातपंपाशेजारी एक निळा प्लॅस्टिकचा टब पडला होता. कड फुटलेली, तारेनं शिवलेली, एका बाजूला बोट जाईल एवढं भोक, आणि आत एक धोंडा. त्याच्या मागं एक तुटकी बादली, एक डालड्याचा डबा आणि एक एकुलती चप्पल अशी आणखी काही अडगळ होती. कुणाची नसावी. भोक पडलेल्या टबात पाणी भरता येत नाही. ज्यात पाणी भरता येत नाही, ते एप्रिलात कुणाच्याही उपयोगाचं नाही. तर्क बिनचूक होता.

तरी सरांनी मोजपट्टी आणली. भोक तळापासून सात सेंटिमीटरवर होतं. त्रिज्या बावीस. म्हणजे भोकाच्या खाली साडेदहा लिटर मावतं, आणि गाडीतलं तेल तीन लिटर. त्यांना मनापासून आनंद झाला. असा हिशेब आयुष्यात रोज जुळत नाही. धोंडा त्यांनी गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाला उटी लावला, टब गाडीखाली सरकवला, बोल्ट सोडला. तेल काळ्या काकवीसारखं खाली आलं. एक थेंब बाहेर नाही. बोल्ट परत लावून सरांनी वहीत 'कृती १' पुढं बरोबरची खूण केली.

त्या सकाळची ती शेवटची खूण होती.

'कृती २ : फिल्टर शोधणे.' पुस्तिका मूळची नव्हती; झेरॉक्सची झेरॉक्स होती. जिथं बाण दाखवला होता तिथं चित्र डांबरासारखं काळं होतं, त्यामुळं बाण रात्रीकडं बोट दाखवतोय असं वाटत होतं. मोबाइलवर एक व्हिडिओ होता. त्यातला गोरा माणूस फिल्टर 'प्रवाशाच्या बाजूला' असल्याचं सांगत होता. पण त्याच्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला. म्हणजे त्याचा प्रवासी तो आपला ड्रायव्हर. पण इंजिन तर उलटं होत नाही, नुसतं स्टिअरिंग सरकतं. मग प्रवासीही सरकला का? सरांनी एकदा बाजू बदलली, मग स्वतः पाठीवर निजल्यामुळं डावं-उजवं उलटं झालं म्हणून पुन्हा बदलली, आणि दोन वेळा बदलून जिथं होते तिथंच आले. तिथं फिल्टर नव्हता.

तोवर गाडीभोवती चार पाय उभे राहिले. दोन बबनरावांचे, दोन तात्याबांचे. तात्याबांनी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केली होती.

"तात्याबा, फिल्टर कुठं असतो?" सरांनी खालून विचारलं.

"डेपोत."

"डेपोत नाही, गाडीत."

"आमच्या येळी डेपोतच असायचा. गाडी लावली की निघायचं घरला. इंजन बघनं ड्रायव्हरच्या ड्युटीत येत न्हाई, सर."

बबनराव खाली वाकले. "माझ्या ट्रॅक्टरला काचेची वाटी हाय बघा. त्यातून तेल दिसतंय. काचेची वाटी बघा."

"ती डिझेलची असते, बबनराव. मला ऑइलचा पाहिजे."

"फिल्टर माझ्या नावावर हाय का तुमच्या?"

सरांनी काचेची वाटी शोधली. नव्हती. मग वरून बघितलं. वर एक मोठा काळा डबा दिसला, तो उघडल्यावर आत चुण्याचुण्यांच्या कागदाचं गाळणं निघालं, ते हवेचं. दुसरा एक बारका डबा सापडला, त्याला पेट्रोलच्या नळ्या. एकाच गाडीत इतकी गाळणी आणि कॉलनीच्या टँकरला एकही नाही, याचं सरांना क्षणभर नवल वाटलं. दरम्यान केशरबाई दारातून ओरडल्या, "गहिनी, गाळणं पाहिजे का? चहाचं हाय."

नीट दिसावं म्हणून सरांनी गाडी जॅकवर चढवली, खाली विटा लावल्या आणि पुढचं एक चाक काढलं. आणि चाकाच्या पोकळीतून, नळ्यांच्या मागं, चिखलाच्या थराखाली, वाटीएवढ्या गोल डब्याचा पाठीचा भाग त्यांना दिसला. तोच! जागा मात्र वर्णन करण्यासारखी नव्हती. खालून बघितलं तर वर, वरून बघितलं तर मागं. वहीतली ओळ तशीच राहिली.

आता तो फिरवून काढायचा. घड्याळाच्या काट्याच्या उलट. पण घड्याळ कुठून बघायचं? डबा खालून आत गेलेला, सर उताणे, डोकं मागच्या चाकाकडं. भौतिकशास्त्रात यावर उजव्या हाताचा नियम आहे : डबा जिकडं सरकवायचा तिकडं अंगठा, मग मुठीची बोटं वळतात तसा डबा फिरवायचा. सरांनी उजव्या हाताची मूठ केली, अंगठा ताठ केला, आणि तो इंजिनाकडं धरावा की पोटाकडं याचा विचार केला. गाडीखालून एक मूठ बाहेर येऊन अंगठा वर-खाली करतेय, हे बघून तात्याबांनी बबनरावांना हळूच विचारलं, "कुणाला इशारा करायलेत?"

सरांनी अंगठा ठरवला आणि जोर लावला. डबा हलला नाही. घामाचे हात घसरले, म्हणून फडकं लावलं. मग जुना पट्टा गुंडाळून ओढला. पाऊण तास झाला. प्रत्येक झटक्यानिशी डबा जास्तच घट्ट होत चालला होता, आणि त्याचं कारण सरांना काही केल्या कळत नव्हतं.

"स्क्रू-ड्रायव्हर घाला आरपार," तात्याबा म्हणाले. "डेपोत मिस्त्री तसंच करायचे. ठोकायचा, अन् दांड्यानं फिरवायचा."

सरांनी ठोकला. फिरवला. डबा फिरला नाही, फाटला. उरलेलं तेल सरांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. डब्याची वरची कड इंजिनाला चिकटून राहिली आणि खाली पत्र्याच्या चिंध्या लोंबत राहिल्या.

सर बाहेर यायला वळले तर वाट नव्हती.

गाडीच्या पुढच्या बंपरपासून हातपंपाकडं भांड्यांची ओळ लागली होती. टिपाडं, घागरी, कळश्या, रंगाचे डबे, एक पाळणा, आणि ती एकुलती चप्पल. पन्नासेक नग. एकेक बाई येऊन आपलं भांडं आधीच्या भांड्यामागं लावून जात होती.

"हे काय?" सरांनी बंपरखालून डोकं काढत विचारलं.

समोर विमलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. हातपंपाशेजारचं घर त्यांचं. "काय म्हंजे? टँकर यायलाय. पयला नंबर गाडीखाली गेला, मग बाकीचे पंपापाशी काय करतेत? नंबर सरकला, लायन सरकली."

"टँकर सोमवारी आहे."

"उद्या टँकरवाल्याच्या साडूकडं लगीन हाय. आजच येतोय म्हनून कालच निरोप आला. समद्यांला सांगितलं की."

सरांनी बबनरावांकडं पाहिलं. बबनरावांनी फळ्याकडं पाहिलं. "फळा पुसायचा राहिला," ते म्हणाले.

"अन् माझा टब कावून नेला, सर?"

"तुमचा? पण त्याला भोक होतं!"

"भोक हाय म्हनून तर नंबराला ठेवला. चांगला टब कोन ठेवंल उन्हातान्हात? चोरी न्हाई का जायचा?"

सरांनी आपला तर्क पुन्हा तपासला. एकही पायरी चुकली नव्हती. फक्त तर्क विमलबाईंचा बरोबर होता.

"धोंडा कुठंय माझा?"

सरांनी मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. विमलबाईंनी वाकून टबात बघितलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. "अगं बाई. माझा नंबर काळा केला की यानं!"

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. टँकर उलटा, मागं मागं घेत आत येत होता. गाडीपासून दहा फुटांवर तो थांबला, आणि बावीस घरांनी एकदम सरांच्या गाडीकडं बघितलं. एक चाक नाही, पोटात तेल नाही, विटांवर बसलेली. ढकलताही येईना. टँकरला हातपंपापर्यंत जायला दुसरा रस्ता नव्हता, आणि पुढं त्याला आणखी तीन वस्त्यांच्या खेपा करायच्या होत्या. तो इथून फिरला असता, तर पाच दिवस कॉलनीला तांदळाचं धुवनसुद्धा मिळालं नसतं.

"बबनराव, तुम्ही परवानगी दिली होती," सर पुटपुटले.

"मी दुरुस्तीची दिली होती. बिघाडाची न्हाई."

टँकरचं दार उघडलं. "गाडी कुनाची हाय बे ही मधी?" असं म्हणत एक माणूस उतरला, दोन पावलं पुढं आला आणि थबकला. "अरे! सर?"

"पाशाभाई? तुम्ही टँकरवर?"

"मग काय करू, सर? गाड्या धुवायला पानी न्हाई, लोकं गाड्याच आनत न्हाईत. शटरवर लिवलंय की. तुमी वाचलं न्हाई?"

सरांनी वाचलं होतं. पाणी आल्यावर उघडेल. पाणी पाशाभाईच आणत होते, आणि प्रत्येक पाचव्या दिवशी ते आणत असताना सर कॉलेजात मोजमापातल्या चुका शिकवत होते.

पाशाभाईंनी वाकून चाकाच्या पोकळीत बघितलं आणि लोंबणारी एक चिंधी बोटानं हलवून बघितली. ते सरांना सगळ्यांत जास्त लागलं. मग त्यांनी नजरेनं अंतर मोजलं, टँकरमागचा पाइप काढला आणि गाडीच्या टपावरून पलीकडं टाकला. पाइप बंपरपलीकडं चार भांड्यांपर्यंत पुरत होता. "भांडी पुढं सरकवत राहा," ते म्हणाले. "बोला, पयला नंबर कुनाचा?"

इथं संस्थेच्या नियमावलीचा सातवा नियम आडवा आला. तो बबनरावांनी स्वतः लिहिला होता : पाण्याचा नंबर भांड्याचा राहील, व्यक्तीचा नाही. गेल्या उन्हाळ्यात बायकांच्या जागी दीर आणि दिरांच्या जागी भाचे उभे राहायला लागले, तेव्हा तो करावा लागला होता.

"नंबर टबाचा," बबनराव गंभीरपणे म्हणाले. "पयला टब भरला पाहिजे. नाहीतर ठराव मोडतो."

"सेक्रेटरीसाहेब, तेलात पानी सोडू?"

"तेल वर येईल," सर नकळत बोलून गेले. "त्याची घनता कमी असते." कुणी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही.

"माझा नंबर सोडनार न्हाई," विमलबाई म्हणाल्या. "पहाटं चारला ठेवलाय मी."

बोळात कालवा सुरू झाला. दुसरा नंबर म्हणाला टब बाद झाला म्हणून सगळे एकेक पुढं. नववा म्हणाला तसं असेल तर लाइन पुन्हा लावा. पाशाभाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. तेवढ्यात केशरबाई ओळीतून आल्या. त्यांचं टिपाड चौथ्या नंबरवर होतं. त्यांनी ते एकटीनं कलतं करून, गडगडत, बंपरपाशी आणून उभं केलं.

"विमल, हे घे. आजच्या रोज हे तुझं भांडं. माझ्या पोरानं तुझा नंबर घालवला, तर आमी शेवटी." मग सरांकडं न बघता म्हणाल्या, "तो टब उचल, अन् नेऊन ठेव मागं. आता तोच आपला नंबर."

बबनरावांनी विचार केला. भांड्याला भांडं. ठराव मोडत नव्हता.

पाणी सुटलं. सर काळ्या हातांनी तेलाचा टब पोटाशी धरून, पन्नास भांड्यांना ओलांडत, ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. भांडी पुढं सरकत होती, टँकर हलका होत होता, आणि सरांनी मनात पाच हजार लिटरला बावीसनं भागायला सुरुवात केली होती. भागाकार त्यांच्या बाजूनं होता. सांडणं त्यांनी धरलं नव्हतं. एकविसावं घर झालं, विमलबाईंनी केशरबाईंचं टिपाड घरात रिकामं करून परत आणून ठेवलं, आणि ते निम्मं भरल्यावर पाइपानं दोनदा खाकरून मान टाकली.

अर्धं टिपाड. पाच दिवस. केशरबाई सरांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडं बघून एवढंच म्हणाल्या, "हात आता शुक्रवारी धू."

रिकाम्या टँकरमधून पाशाभाईंनी तोटी उघडायचा लांब पाना आणला, गाडीखाली एक हात घातला, आणि चिकटलेली कड दोन झटक्यांत काढून बाहेर फेकली. "कुनी आवळला होता एवढा?"

तात्याबा म्हणाले, "सर पाऊण तास आवळतच व्हते. मला वाटलं बसवायलेत."

सरांनी उजव्या हाताच्या अंगठ्याकडं बघितलं. मग तो मुठीत घातला.

"इकडं या, सर," पाशाभाई म्हणाले. "नवा तुमीच लावा. डोळ्यानं शोधू नका, तिथं दिसत न्हाई काही. नुसता हात घाला. लागलं? हां, आता फिरवा. हातानंच. पाना न्हाई लावायचा."

सरांनी डोळे मिटले. डबा आटे धरून अलगद फिरला, जसा काही तो सकाळपासून याचीच वाट बघत होता. चाक लागलं, नवं तेल पडलं, विटा निघाल्या. गाडी सुरू झाली आणि वाट मोकळी झाली, आता तिची कुणालाच गरज नव्हती तरी.

विमलबाईंनी आपला टब मात्र परत घेतला नाही. प्लॅस्टिकला लागलेलं तेल काढायचं तर पाणी लागणार. त्या रस्त्यावर पडलेला जुना, फाटका, भोकं पडलेला फिल्टर पायानं उलटासुलटा करत होत्या.

"हे मला द्या, सर."

"कशाला?"

"नंबराला. वाऱ्यानं उडत न्हाई, कोनी चोरत न्हाई, अन् तुमी तर ह्याला पुन्हा हात लावनार न्हाई."

सरांनी दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर परीक्षेच्या ड्युटीवरून परतले. पर्यवेक्षण करताना दिवसभर त्यांनी हात पाठीमागं बांधून ठेवले होते आणि मुलांना ते कडक शिस्तीचं वाटलं होतं. हातपंपापाशी शुक्रवारची ओळ आत्ताच लागायला सुरुवात झाली होती. सगळ्यांत पुढं, धोंड्यावर नीट टेकवून, फिल्टर ठेवलेला. मागं डालड्याचा डबा, मग चप्पल. एक बाई दुसरीला सांगत होती, "फिल्टरच्या मागं विमलचीच बहीन, तिच्या मागं मी."

घरात येऊन सरांनी वही काढली. कालच्या पानावर एक ओळ अजून मोकळी होती. त्यांनी दारातून पुन्हा एकदा हातपंपाकडं पाहिलं, प्रत्यक्ष खात्री केली, आणि काळ्या बोटांनी लिहिलं :

फिल्टरचे स्थान : हातपंपापाशी. नंबर पहिला.